साडेअठ्ठेचाळीसची जीभ

मित्रांनो, मला बारा पोलादी जिभा आहेत. पूर्वी तेरा होत्या. तेरावी कशी गेली ते पुढे येईलच. पण इतक्या जिभा आहेत म्हणून मला बडबड्या समजू नका. मी भिंतीवर टांगायचा एक जुना वीज-मापक आहे. मी बोलत नाही, फक्त थरथरतो, आणि ज्यांना ती थरथर वाचता येते त्यांना तेवढे पुरते.

तुमच्या छातीत जसा ठोका असतो तसा विजेलाही असतो. ती तारेतून एका सेकंदात पन्नास वेळा पुढे-मागे होते. गावाने यंत्रांच्या ताकदीपेक्षा जास्त वीज ओढली की हा ठोका मंदावतो, आणि कमी ओढली की तो वाढतो. माझी एकेक जीभ एकेका ठोक्याला दाद देते. मधली पन्नासची. तिच्या उजवीकडे साडेपन्नास, एक्कावन्न अशा चढत जाणाऱ्या, डावीकडे साडेएकोणपन्नास, एकोणपन्नास अशा उतरत जाणाऱ्या. टोकांना पांढरा रंग आहे. ज्या जिभेची वेळ येते ती इतक्या वेगाने हलते की पांढऱ्या कुंचल्यासारखी रुंद दिसू लागते. बाकीच्या गप्प बसतात. यासाठी मला वेगळी वीज लागत नाही. जी मोजायची, तिच्यावरच मी जगतो.

माझा जन्म थंड हवेच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई प्रत्येक जीभ कानस मारून, कानाशी धरून, पुन्हा कानस मारून सुरात आणत असे. माझ्या तेराही जिभा तिच्या हातच्या. मग पेंढ्यात गुंडाळून, जहाजातून अकाबाच्या बंदरात, आणि तिथून ट्रकमध्ये हिसके खात मी जॉर्डनच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, ऐन लौज नावाच्या गावी आलो. तेव्हा या गावाला वीज म्हणजे एका खोलीतले डिझेल इंजिन, आणि ते चालवणारा अबू गालिब नावाचा एक उंच, चिडखोर तरुण.

ते माझे कामाचे दिवस होते. गावात लग्न असले, मांडवात दिव्यांच्या माळा लागल्या, की अबू गालिब एक हात इंजिनाच्या लिव्हरवर आणि दोन्ही डोळे माझ्यावर ठेवून उभा असे. माझी डावीकडची जीभ हलली की तो इंजिनाला जरा जास्त डिझेल पाजायचा. पाहुणे आले की तो मला दाखवून म्हणे, "हा माझा वैद्य. नाडी बघतो आणि फी मागत नाही." मी फुलून जात असे. खोटे कशाला सांगू?

पुढे उत्तरेकडून डोंगर ओलांडत उंच मनोऱ्यांची मोठी लाइन आली. इंजिन थंड झाले. खोलीचे विद्युत केंद्र झाले. त्यानंतर माझी पन्नासची जीभ वर्षानुवर्षे एकटीच थरथरत राहिली आणि माझ्याकडे बघायचे कुणाला कारण उरले नाही. सुखात असलेल्याला मापाची आठवण होत नाही.

मग कड्यावर पवनचक्क्या आल्या. पांढऱ्या, उंच, तीन पात्यांच्या. वारा इथे फुकट आणि भरपूर, त्यामुळे त्यांचे कौतुक फार झाले. कौतुकाला त्या पात्र होत्याच, पण त्यांचा एक स्वभाव मला पहिल्या दिवशीच कळला. इथे लग्नात हातात हात धरून दबका नाचतात. रांगेच्या टोकाचा एक जण पाय आपटून ताल देतो आणि बाकीचे त्यावर नाचतात. आमच्या पवनचक्क्या नाचणाऱ्या होत्या, ताल देणाऱ्या नव्हत्या. मोठ्या लाइनचा ठोका आहे तोवर जोरात नाचायच्या. ठोका बंद झाला की भर वाऱ्यातही जागच्या जागी थांबायच्या.

पवनचक्क्यांपाठोपाठ संगणकाचे चकचकीत पडदे आले आणि मी तारांसकट चहाच्या खोलीत गेलो. तिथली भिंत रंगवायला आलेल्या माणसाने मला पिशवीसारखे उचलले, हातातून सोडले, आणि माझी काच तडकली. साडेअठ्ठेचाळीसची जीभ मुळापासून तुटून पडली. ती कुणी जपून ठेवली असेल असे तुम्हाला वाटेल. चहाच्या शेगडीचे तोंड तुंबले की ते साफ करायला ती वापरत. मी समोरच्या भिंतीवरून रोज बघत असे.

माझ्या जुन्या खिळ्यावर आता एक पितळी ढाल टांगली होती. एका वर्षात एकदाही वीज न गेल्याबद्दल राजधानीने ती आमच्या केंद्राला दिली होती. अबू गालिब ती दर आठवड्याला पुसायचा. माझ्या काचेवर वाफेचा थर साचला होता.

त्या थरावर पहिल्यांदा बोट फिरवले ते मैसूनने. ही नवी इंजिनियर. पंचविशीची, बारीक, आणि कुणाचेही ऐकून न घेणारी. आल्या आठवड्यातच तिने फर्मान काढले की जुने डिझेल इंजिन दर गुरुवारी चालवून बघायचे.

"त्याचा आवाज ऐकून माझ्या बायकोचं डोकं उठतं," अबू गालिब म्हणाला. "आणि कशाला? मोठी लाइन आहे, वारा आहे, ढाल आहे!"

मैसूनने चहाच्या खोलीतल्या खिडकीवरच्या वाफेत बोटाने एक आडवी रेघ ओढली. रेघ एकदम खाली आणली, तळाशी थोडी सरळ नेली आणि मग तिरपी वर चढवली.

"ही लाइट होती. इथं गेली. इथं पडून राहिली. इथून उठत आली. आता सांगा अम्मो, आपल्याला ढाल कशाची मिळाली?" इथे वडीलधाऱ्याला अम्मो, म्हणजे काका म्हणतात.

"या वरच्या सरळ रेघेची."

"आणि माणसांचे हाल कुठं होतात?"

अबू गालिबने चहाचा घोट घेतला. "या खड्ड्यात."

"मग खड्डा नको मोजायला? किती खोल पडलो, किती वेळ पडून राहिलो, उठायला किती वेळ लागला. आणि पडताना कुणाचा हात सुटू दिला नाही. चिवटपणा म्हणजे एवढंच. राजधानीत म्हणतात, वारा आहे म्हणजे तुम्ही भक्कम. वारा असणं वेगळं, पडल्यावर त्यानं हात देणं वेगळं."

"पोरी, खड्ड्यात पडलेला माणूस फूटपट्टी घेऊन बसत नाही."

"म्हणूनच ती आधी तयार ठेवायची."

तो कुरकुरत गेला, पण गुरुवारी इंजिन चालू झाले. तेवढ्यापुरते तरी त्याला तहान लागण्याआधी विहीर खणणे पटले असावे.

आणि मग ते वादळ आले.

बर्फाचे वादळ येणार अशी बातमी आली की या मुलखात सगळे आधी एकच गोष्ट करतात. भाकरीच्या भट्टीवर धावतात. दोन दिवसांचे वादळ असले तरी महिनाभराची भाकरी घेतात. त्या दिवशीही भट्टीसमोर रांग लागली, भांडणे झाली, आणि ज्यांना रॉकेलची शेगडी, म्हणजे सोबा, परवडत होता त्यांनी रॉकेल भरले. बाकीच्यांनी विजेचे हीटर पुसून ठेवले. वीज जाईल असे कुणाच्याही मनात नव्हते. ढालीचे गाव ना हे!

सकाळी तारांवर मनगटाएवढा बर्फ चढला. दुपार व्हायच्या आत उत्तरेकडचे मनोरे वाकले आणि मोठी लाइन तुटली. माझी पन्नासची जीभ एकदम थांबली. पूर्वी कधी थांबलीच तर ती लगेच पुन्हा हलायची. आता हलली नाही. कड्यावरच्या पवनचक्क्याही एकामागोमाग थबकल्या. गावाकडे येणारा रस्ता बर्फाने बंद झाला, थोड्याच वेळात मोबाइल मुके झाले, आणि केंद्रातले चकचकीत पडदे बॅटरी संपून काळे पडले.

केंद्रात तिघे जण अडकले होते. मैसून, अबू गालिब आणि हाबिस नावाचा वायरमन. हाबिसची बायको तीन दिवसांपूर्वी गावातल्या छोट्या सरकारी रुग्णालयात बाळंत झाली होती, दिवस भरायच्या खूप आधी. मुलगी तळहातावर मावेल एवढी होती. तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवले होते. इथे सातव्या दिवशी नाव ठेवतात, त्यामुळे तिला अजून नावही नव्हते.

"रुग्णालयात त्यांचं जनरेटर आहे," हाबिस सारखा म्हणत होता. आम्हाला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

दिवस कलू लागला तेव्हा दारावर थाप पडली. मशिदीत अजान देणारे मुअज्जिन शेख मुस्लिह दाढीला बर्फ लागलेल्या अवस्थेत आत आले. त्यांची मशीद केंद्राच्या मागच्याच चढावर आहे. ते थेट रुग्णालयातून येत होते. त्यांनी हाबिसकडे बघितले आणि मग नजर मैसूनकडे वळवली.

"जनरेटरचं डिझेल थंडीनं मेणासारखं झालंय. यंत्र खोकतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंधार पडेपर्यंत चाललं तर अल्लाची कृपा."

"आणि पेटी?" हाबिसने विचारले.

"पेटी चालू आहे, बाबा. तुझ्या सासूनं गरम पाण्याच्या बाटल्या करून ठेवल्यात. पण श्वासाचं यंत्र बाटल्यांवर चालत नाही."

हाबिसने कोट उचलला. मैसून दारात आडवी उभी राहिली.

"तिथं जाऊन काय करणार आहेस?"

"बाप आहे मी तिचा!"

"तिथं बाप बसून राहील. इथं वायरमन लागणार आहे. अंगणातला स्विच बर्फानं धरलाय. तो हातानं फिरवायला तुझ्याशिवाय कुणी नाही."

हाबिसचे ओठ थरथरत होते. मला थरथर वाचता येते. ती रागाची नव्हती. त्याने कोट अंगात घातला, पण रुग्णालयाकडे न जाता तो अंगणाकडे गेला.

बेत साधा होता. जुन्या इंजिनाने ताल धरायचा. त्या तालावर कड्यावरच्या पवनचक्क्या जागवायच्या आणि ओझे त्यांनी उचलायचे. वायरलेसवर कड्यावरच्या पवनचक्क्या सांभाळणारा नायिफ होता. तो म्हणाला, "बऱ्याच पात्यांवर बर्फ आहे. एक चक्की मोकळी केलीय. मला थोडा वेळ स्थिर ठोका द्या, मी ती जोडतो."

"इंजिनावरचा काटा तर उन्हाळ्यापासून अडकलाय," अबू गालिब म्हणाला. "ठोका बघणार कशावर?"

मैसूनने चहाच्या खोलीकडे बोट दाखवले. "तो जिभांचा डबा आणा."

मित्रांनो, मला खिळ्यावरून काढताना त्या म्हाताऱ्याने दोन्ही हात लावले. त्याने बाहीने माझी काच पुसली आणि पुटपुटला, "दात पडलाय रे तुझा. माझेही पडलेत." त्याने मला इंजिनाशेजारी टांगून तारा जोडल्या. मैसूनने माझ्यावर टॉर्च धरली. इंजिनाने दोनदा आचका दिला आणि तिसऱ्यांदा ते धडधडू लागले. गुरुवारांची पुण्याई! माझी पन्नासची जीभ फुलली.

"स्विच!" मैसून ओरडली.

अंगणात हाबिसने दांडा फिरवला, आणि दुसऱ्याच क्षणी माझ्या जिभा डावीकडे कोसळत गेल्या. एकोणपन्नास हलली न हलली तोच अठ्ठेचाळीस फडफडली, इंजिन घरघरले आणि बंद पडले. सगळे पुन्हा काळोखात.

काय झाले ते मैसूनला लगेच कळले. रुग्णालयाला वेगळी लाइन नव्हती. खालच्या आळीची शंभरेक घरे त्याच तारेवर होती. लाइट गेली की इथले लोक हीटरचे बटण चालूच ठेवतात. लाइट आल्याबरोबर खोली तापायला लागावी, वेळ वाया जाऊ नये, म्हणून. घरोघरी हाच शहाणपणा. त्या सगळ्या शहाण्यांचे ओझे एकदम म्हाताऱ्या इंजिनाच्या मानेवर पडले होते.

"अजून एकदा असं झालं तर इंजिन उठणार नाही," अबू गालिब म्हणाला. "याच्याही फिल्टरमध्ये मेण धरतंय."

"मग त्यांना सांगायला हवं. प्रत्येक घराला. हीटर बंद, एक दिवा फक्त."

"कशावरून सांगणार? मशिदीचा कर्णाही विजेवर चालतो."

शेख मुस्लिह उठून उभे राहिले. "माझ्या वडिलांच्या वेळी कर्णा नव्हता," ते म्हणाले. "तरी लोक नमाजला यायचे."

मशिदीच्या मनोऱ्याचा आतला जिना चढून त्या वयातला माणूस बर्फात वर उभा राहिला. त्यांचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता. "ऐन लौजच्या लोकांनो! हीटरची बटणं बंद करा! घरात एकच दिवा ठेवा! ज्यांच्याकडे सोबा आहे त्यांनी शेजाऱ्याला घरात घ्या! हाबिसच्या लेकीला वीज हवी आहे!" एका गच्चीने दुसऱ्या गच्चीला ओरडून सांगितले, दुसरीने तिसरीला. दारे उघडल्याचे, मुलांना आणि गोधड्यांना ओढत नेल्याचे आवाज आले. लोकांनी ऐकले की नुसते ऐकून सोडून दिले, हे मात्र आम्हाला कळायला मार्ग नव्हता. ते फक्त माझ्या जिभांवर कळणार होते.

इंजिन पुन्हा सुरू झाले. "स्विच!"

माझी पन्नास गप्प झाली. साडेएकोणपन्नास हलली. मग एकोणपन्नास. आणि तिथेच थांबली. रुंद, पांढरी, ठाम.

"धरलं!" अबू गालिब ओरडला. "नायिफ, घे ठोका!"

"बघतोय. हलू देऊ नका आता."

खालच्या आळीत एकेक दिवा लागला. आणि तेव्हा या गावाने ते केले जे फक्त हेच गाव करू शकते. दिवा लागल्याच्या आनंदात बायकांनी गच्च्यांवरून आनंदाचे उलुलु आवाज काढले, आणि घरात जाऊन, लाइट आलीच आहे तर, असे म्हणत हीटर लावले!

माझी एकोणपन्नासची जीभ बारीक झाली. आणखी बारीक झाली. मग थांबली.

तिच्या डावीकडे साडेअठ्ठेचाळीसची जागा होती. रिकामी. त्याच्याही डावीकडे अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळीसवर इंजिन स्वतःला वाचवायला आपोआप बंद होते. मैसून टॉर्च माझ्या काचेला टेकवून बघत होती. काही हलत नव्हते. ठोका त्या रिकाम्या जागेत अडकून जिवंत होता, की घसरतच चालला होता? ते फक्त मला माहीत होते, आणि ते सांगायची जीभ नेमकी माझ्याकडे नव्हती. आयुष्यात इतके हताश मला कधी वाटले नाही.

"गेलं का?" हाबिसने दारातून विचारले. त्याच्या हातमोज्यांना बर्फ आणि रक्त लागले होते. "इंजिनियरबाई, गेलं का?"

 अबू गालिबचा हात डिझेल वाढवायच्या लिव्हरवर होता. लिव्हर आधीच टोकाला होता.

तेवढ्यात मनोऱ्यावरून आवाज आला. आता त्यात विनवणी नव्हती. शेख वरून खिडक्यांमधले हीटरचे लालसर उजेड बघत होते.

"उम्म फव्वाज! दिसतेय मला तुझी खिडकी! बंद कर तो हीटर! अबू सतामच्या पोरांनो, लाज नाही? खाटिकाच्या घरच्यांनो, इतकी भाकरी भरून ठेवलीत, तीच पांघरून बसा! वीतभराचं लेकरू तुमच्या बटणावर श्वास घेतंय!"

त्याआधी त्या मनोऱ्यावरून कुणाला नाव घेऊन झापले गेले नव्हते. एक खिडकी विझली. मग दुसरी. मग आळीच्या आळी.

आणि माझी एकोणपन्नासची जीभ, आधी केसाएवढी, मग सुतळीएवढी, हलली.

हाबिस भिंतीला टेकून खाली बसला. "या अल्ला," एवढेच म्हणाला. मैसूनच्या हातातली टॉर्च इतकी थरथरत होती की माझ्याऐवजी तीच मोजावी. अबू गालिबने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुद्दाम खेकसला, "टॉर्च नीट धर की. मला दिसत नाही."

थोड्या वेळाने नायिफचा आवाज आला, "जोडतोय." कड्यावरची एक चक्की तालावर पाय टाकत रांगेत शिरली. इंजिनाचे धापणे कमी झाले. साडेएकोणपन्नास. आणि मग पन्नासची माझी जुनी, आळशी, लाडकी जीभ कुंचल्यासारखी फुलली. रुग्णालयाचे जनरेटर त्याआधी थोडाच वेळ बंद पडले होते, हे आम्हाला नंतर कळले. मधल्या वेळात परिचारिका त्या पोरीच्या तोंडात हाताने फुगा दाबून हवा भरत होती.

पोर जगली. नायिफने बर्फ झाडून आणखी चक्क्या जोडल्या आणि मोठी लाइन दुरुस्त होईपर्यंत आमचे गाव स्वतःच्या वाऱ्यावर राहिले. हीटर पाळीपाळीने लावले गेले. उम्म फव्वाज आठवडाभर शेखांशी बोलली नाही, पण आठव्या दिवशी तिने त्यांच्या घरी मसूर आणि भाताचे भांडे पाठवले.

पोर सात दिवसांची झाली तेव्हा नाव ठेवायचे होते. इथे बापाला मुलाच्या नावाने अबू अमुक म्हणतात, म्हणजे अमुकचा बाप. अबू गालिबने हाबिसला छेडले, "मुलगा झाल्याशिवाय तुला अबू कोण म्हणणार?" हाबिस म्हणाला, "मला लेकीच्याच नावानं हाक मारा." आईने नाव ठेवले सुमूद. इथल्या भाषेत त्याचा अर्थ, मार खाऊनही पाय न हलवणे. मैसून राजधानीला पाठवायच्या मजकुरात गेले वर्षभर हाच शब्द नीट मांडायचा प्रयत्न करत होती. त्या बाळंतिणीने तो दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवला.

रस्ते मोकळे झाल्यावर राजधानीतले साहेब आले. उंटावरून शेळ्या हाकणारे, पण वाईट माणूस नव्हते.

"किती वेळ लाइट नव्हती?" त्यांनी विचारले. मैसूनने सांगितले. साहेबांनी मान हलवली. "मग या वर्षी ढाल नाही. इतका मोठा खंड इथं कधी पडला नव्हता."

"आणि सगळ्या डोंगरात आधी कुणाची आली? किती घरांनी आपल्या हातानं बटण बंद केलं? ते कुठं मोजता?"

"ते मोजायची पद्धत नाही, बाई."

"मग पद्धत लावा." तिने ढाल खिळ्यावरून काढून साहेबांच्या हातात दिली आणि त्या खिळ्यावर, सगळ्यांसमोर, मला टांगले.

तेव्हापासून मी इथे आहे. इंजिन अजूनही दर गुरुवारी धडधडते. रुग्णालयाला वेगळी लाइन मिळाली आहे. माझी जीभ मात्र मिळाली नाही. मला घडवणारा कारखाना केव्हाच बंद झाला. तुटलेली जीभ चहाच्या खोलीत शोधली, पण ती शेगडी साफ करता करता झिजून वाकडी झाली होती.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे, म्हणून एक मागणे मागतो. जी वस्तू रोज गुपचूप काम करते तिच्याकडे चांगल्या दिवसांतच एकदा बघत जा, तिची धूळ पुसा, तिचा तुटका भाग वेळेत जोडा. आपण किती भक्कम आहोत ते कधी पडलो नाही यावरून ठरवू नका. आणि लाइट गेली की आधी हीटरचे बटण बंद करा. एक दिवा तेवढा ठेवा. तुमच्याच तारेवर कुणाचा श्वास असेल ते तुम्हाला दिसत नसते.

परवा शाळेची मुले मला बघायला आली होती. अबू गालिब आता निवृत्त आहे, पण अशा वेळी काठी टेकत हटकून येतो. मुलांनी माझ्या जिभा मोजल्या. दोन वेण्या घातलेली, पुढचे दात पडलेली एक मुलगी काचेला नाक लावून बघत राहिली. तिचा बाप मागे हाताची घडी घालून उभा होता. गावात त्याला अबू सुमूद म्हणतात.

तिने रिकाम्या जागेवर बोट ठेवले. "अम्मो, इथं कुणीच नाही. इथं काय होतं?"

अबू गालिबने काठी भिंतीला टेकवली आणि तो तिच्याशेजारी वाकला.

"इथं तू होतीस," तो म्हणाला.